आक्काच्या गळ्यातला पट्टा

एका शार्कच्या गळ्यात अडकलेला पट्टा कापायला आम्ही तिघं निघालो, तेव्हा तिघांपैकी एकाला पोहता येत नव्हतं, एकीला जवळचं दिसत नव्हतं आणि एकीला लांबचं. शहाण्या माणसांनी एवढ्यावरच घरी बसायला हवं होतं.

पोहता न येणारे ते आमचे हे. होडी मात्र अशी चालवतात, की लाटेलाही मान द्यावासा वाटावा. "होडीवाल्यानं होडीत राहायचं असतं. पाण्यात जायचं असतं तर मासाच नसतो का झालो?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जवळचं न दिसणाऱ्या त्या माझ्या नणंदबाई, ह्यांची धाकटी बहीण. लोकांना समुद्राच्या पोटात उतरायला शिकवतात. चाळिशी लागून किती वर्षं झाली, पण चष्मा लावणं म्हणजे हार मानणं! आणि लांबचं न दिसणारी मी. मास्कला माझ्या नंबरच्या काचा मी घरीच चिकटवल्या होत्या. त्या एक उन्हाळा टिकल्या आणि निखळल्या. नवा मास्क घ्यायचा राहूनच गेला. जुना फुटला कुठे होता?

घरामागच्या लांबट शेडमध्ये माझं राज्य. भिंतीला रबरी पोशाख टांगलेले, पाठमोरी माणसं रुसून उभी राहावीत तसे. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात सिलिंडरं भरायचा कॉम्प्रेसर. कुठल्या शाळेत मी हे शिकले नाही. रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचा तो तुकडा, खोलता-जोडता कळलं, की हवा नळीच्या या टोकाला कशी येते. त्या टोकाला काय होतं ते बघायला एक दिवस पाण्यात उतरले, आणि मग उतरतच राहिले.

पण कॉम्प्रेसर चालवणाऱ्या बाईची एक खोड असते. ते धूड धडधडत असतं, तापत असतं, त्याच्या पोटात साचलेलं पाणी सारखं काढावं लागतं, तेव्हा कुठे एक सिलिंडर भरतं. ती हवा भसाभसा उधळायची? छे! पाण्याखाली मी एक श्वास घ्यायची आणि तो पुरवून पुरवून वापरायची. वर आल्यावर सगळ्यांची सिलिंडरं रिकामी, माझं निम्मं भरलेलं. मला कोण अभिमान!

"वहिनी," वन्सं म्हणायच्या, "हवा म्हणजे काय पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबश्या आहेत? आधी सोडा, मग घ्या. जुना श्वास बाहेर गेल्याशिवाय नवा बसणार कुठे? अशानं एक दिवस डोकं फिरेल तुमचं."

"ते तुमच्या घरात आले तेव्हाच फिरलं," मी म्हणायची, आणि पुन्हा तेच करायची.

आता आक्काबद्दल सांगते. खुल्या समुद्रात, किनारा दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ पुढे गेलं की पाण्याखाली एक खडकाचा सुळका आहे. तळातून एकटाच उठलेला, पृष्ठभागाच्या जरा खाली येऊन थांबलेला. त्याच्याभोवती शार्क फिरतात. त्यातल्या एका थोराड मादीला वन्सं वर्षानुवर्षं ओळखत होत्या. पाठीवरच्या पराला खाच, आणि चालीत असा तोरा की वन्संनी तिचं नाव आक्का ठेवलं. गेल्या हंगामात आक्काच्या गळ्यात एक पिवळा पट्टा दिसला. खोकी बांधायचा, प्लास्टिकचा. कुणीतरी न कापता तसाच समुद्रात फेकला, हिनं त्यात डोकं घातलं, आणि मग ती वाढली. पट्टा वाढला नाही. तो आता कल्ल्यांत रुतत चालला होता.

"गेल्या खेपेला बघितलं तर पांढरं मांस दिसत होतं," वन्सं म्हणाल्या. सहसा न येणारा बारीक आवाज आला त्यांचा. "हा हंगाम गेला तर पुढच्याला ती नसेल, वहिनी."

सुळक्याच्या एका कपारीपाशी छोटे मासे राहतात. ते मोठ्या माशांच्या अंगावरची घाण टिपून खातात. शार्क तिथे येऊन संथ होतात, न्हाव्यापुढे मान दिल्यासारखे. तेवढ्या अवधीत पट्टा कापायचा. पण वन्संना हातभर अंतरावरचं धूसर दिसतं. रुतलेला पट्टा आणि कल्ला यांतला फरक ज्याला दिसतो, त्यानंच ते करायला हवं. म्हणजे मी. जन्मभर टाके उसवलेली बाई!

शिवण उसवायचं आकड्यासारखं पातं असतं ना, तसंच एक मोठं मी बनवून घेतलं. आतून धार, बाहेरून बोथट, हाताएवढा दांडा. हातातून निसटून समुद्रात जाऊ नये म्हणून दांड्याला एक फास शिवला, मनगटात घालायला. दुहेरी शिवण घातली. आपलं काम म्हणजे काम.

सराव शेडमध्येच केला. शिलाईच्या टेबलावर हे पालथे झोपले, शार्क म्हणून. गळ्यात खोक्याचा पट्टा.

"दादा, हलू नकोस."

"गुदगुल्या होतात."

"शार्क एवढं बोलत नाही!"

"शार्कची बायको हातात सुरी घेऊन उभी नसते," हे म्हणाले. मी आकडा पट्ट्याखाली सरकवला, दांडा सरळ वर उचलला, आणि कट्! पट्टा तुटला. सरळ वर उचलला तरच तुटतो, आडवा ओढला तर नुसता अडकून बसतो, हे तिथेच कळलं.

डोळ्यांची वाटणीही ठरली. जवळचं माझ्याकडे, लांबचं वन्संकडे. त्या माझा डावा दंड धरून ठेवणार. एक शार्क दिसला की एकदा दाबणार, दोन दिसले की दोनदा. "आणि काही झालं तरी हात सोडणार नाही," त्या म्हणाल्या.

भल्या पहाटे निघालो. ऊन चढलं तेव्हा चहूकडे नुसतं पाणी, आणि त्या पाण्याचा रंग बदललेला. निळा नव्हे, काळपट. ह्यांनी सुळक्यावर नांगर टाकला. दोर ताणून कुरकुरायला लागला. प्रवाह जोरात होता.

"मी बुडबुड्यांवर लक्ष ठेवतो," हे म्हणाले. नेहमीचंच होतं ते. आम्ही खाली असलो की हे वरून आमचे बुडबुडे बघत बसतात. "हिचे म्हणजे उकळतं पातेलं," त्यांनी बहिणीकडे बोट दाखवलं, "आणि तुझे म्हणजे नळ नीट बंद केल्यासारखे. थेंब पडला तर पडला. जरा जास्त सोडत जा गं. जीव टांगणीला लागतो."

मी हसले.

नांगराच्या दोराला धरून आम्ही उतरलो. हात पुढे, हात मागे. प्रवाह अंगाला झोंबत होता. दोर सोडला तर आपण कुठे जाऊ, हा विचार मी करायचा नाही म्हणून ठरवलं आणि तोच करत राहिले. खाली सुळका दिसेना. माझ्या डोळ्यांना तर सगळं निळं धुकं. मग पायांखाली एकदम अंधारासारखं काहीतरी उभं राहिलं, आणि तो खडक होता.

दंडावर पहिला दाब आला.

एक. मी मान वळवली. काही नाही. नुसता निळा धूर.

दुसरा दाब. लगेच तिसरा.

मला काहीच दिसत नव्हतं! ते होते, आणि मला दिसत नव्हते! आपल्या घरात कुणीतरी शिरलंय हे ठाऊक असावं आणि दिवा लागू नये, तसं ते. मग धुरातून एक सावली सुटी झाली. ती शेपटी हलवत नव्हती, नुसती येत होती. अगदी जवळ आल्यावर तिला तोंड आलं, डोळा आला. पापणी न लवणारा, बटणासारखा डोळा. तो माझ्यावरून फिरला आणि पुढे गेला. बाजारात भाजी चिवडून पुढे जावं, तसा.

कपारीपाशी आम्ही खडकाला बिलगून बसलो. वन्संचा हात दंडावर. दाब, दाब, दाब. मोजायचं मी सोडून दिलं. मग एक दाब आला तो सुटलाच नाही. लांबच्या लांब, घट्ट. म्हणजे काय? ते ठरलं नव्हतं! मी वन्संकडे बघितलं. मास्कमागे त्यांचे डोळे मोठे झाले होते. त्यांनी मोकळ्या हातानं पाण्यात गोल काढला. सगळीकडे.

मी घाबरले. आणि मी काय केलं? श्वास धरला. हवा जपायची खोड होतीच. शिवाय बुडबुड्यांच्या आवाजानं आक्का बुजेल, हे निमित्त मिळालं. एक छोटा घोट घ्यायचा, धरायचा, धरायचा. वन्संनी माझ्या छातीवर बोट टेकवून बाहेरच्या दिशेला नेलं. सोडा. मी मान डोलावली आणि धरून ठेवला.

मग त्या ताठ झाल्या.

आक्का आली. तिला ओळखायला मला चष्मा लागला नाही. ती आली तेव्हा उजेड कमी झाला. लांबीला आमच्या होडीच्या निम्मी तरी. कपारीसमोर येऊन ती मंदावली, छोटे मासे तिच्याकडे धावले, आणि तिनं जबडा किंचित उघडला. दातांच्या रांगांमागे रांगा. आणि गळ्याभोवती तो पिवळा पट्टा, कडांना शेवाळ धरलेला. त्याच्याखाली मांस फाटून पांढऱ्या चिंध्या झाल्या होत्या. एक छोटा मासा तिथे टोचत होता आणि ती सहन करत होती.

ते बघून माझी भीती क्षणभर बाजूला झाली. अगं बाई, किती दिवस ही अशी श्वास घेत असेल?

मी खडकावरून पुढे झुकले. आकडा पुढे. डोकं ठणकायला लागलं होतं. कानशिलात कुणी हातोडी मारत होतं. हात लांब केला. पट्टा कुठे, कल्ला कुठे, मला लख्ख दिसत होतं. बोथट बाजू पट्ट्याखाली घातली. सरकली. आणखी जरा. आता फक्त वर उचलायचं...

आणि हवा संपली!

संपली नव्हती. काटा दिसत होता, सिलिंडर भरलेलं होतं. पण छाती म्हणत होती, संपली! ओढलं तरी पुरेना. आणखी ओढलं, आणखी ओढलं, पुरेना! घशातून हुंदका निघाला आणि बुडबुड्यांचा लोट आक्काच्या तोंडावर फुटला.

आक्का उसळली!

दंडावरचा हात निसटला. खडक गेला. माझा उजवा हात खांद्यातून उपटल्यासारखा ताणला गेला, आणि मी निघाले. आकडा पट्ट्यात अडकला होता. फास मनगटात होता. तिच्या गळ्यात पट्टा, माझ्या हातात आकडा, आणि ती खाली निघाली होती!

मी डाव्या हातानं फास ओरबाडला. तो आवळला होता. दात मोकळे असते तर चावून तोडला असता. तोंडात रेग्युलेटर होता. दुहेरी शिवण, माझीच! कान दुखायला लागले. निळं गडद झालं, गडदचं करडं झालं. मुंडी वर करून बघितलं तर वर कुठे आहे तेच कळेना. डोकं फुटत होतं. तोंडातलं ते सगळं उपटून फेकावं आणि वर पळावं, एवढंच मन सांगत होतं. तेवढ्या खोलातून श्वास धरून वर पळालं तर माणूस वर पोचतं, पण फुप्फुस फाटलेलं. पळायचं, नाही पळायचं, पळायचं...

"आधी सोडा, मग घ्या."

वन्सं तिथे नव्हत्या. पण इतकी वर्षं कानीकपाळी ओरडलेलं कुठे जातं? मी सोडला. पोट आत घेऊन, खरवडून खरवडून सगळा बाहेर काढला. छाती किंचाळली, वेडे, आहे तेवढाही घालवतेस! तरी काढला. मग आत आला तो श्वास थेट पोटापर्यंत गेला. पुन्हा सोडला. पुन्हा आला. हवा होतीच की! नव्या हवेला जागा नव्हती, सगळीकडे मीच जुनी साठवून बसले होते.

डोक्यातली हातोडी जरा मागे गेली. आणि शेडमधलं टेबल आठवलं. आडवा ओढला तर अडकतो. सरळ वर उचलला तर तुटतो. मी तिच्यामागे फरफटत होते, म्हणून दांडा तिच्या कुशीला आडवा झाला होता. सरळ उचलायचा तर मला तिच्या बाजूला जायला हवं होतं. सुटायला जवळ जायचं होतं!

मी दांडा धरून पुढे सरकले. हातावर हात. तिचं अंग गुडघ्याला घासलं. कानसच! गुडघ्यावरचं रबर फाटलं. डोळा आला. तो माझ्याकडे वळला. मी एक मोठा श्वास सोडला, गुडघे तिच्या कुशीला लावले, आणि दोन्ही हातांनी दांडा वर उचलला.

कट्!

शेपटीचा तडाखा मांडीवर बसला. मी कोलांट्या खात लांब फेकले गेले. थांबले तेव्हा मी कुठेच नव्हते.

खडक नाही. दोर नाही. वन्सं नाहीत. वर निळं, खाली काळं, आणि चारी बाजूंनी तोच धूर. त्या धुरात आकार हलत होते. एक. तीन. किती ते सांगायला दंडावर हात नव्हता. शाळेत एकटं सोडून आई गेली तेव्हा जशी रडले होते, तशी मी मास्कच्या आत रडले. पण श्वास सोडत राहिले. सोडा, घ्या. सोडा, घ्या. माझे बुडबुडे आयुष्यात पहिल्यांदा ढगासारखे वर गेले.

मागून कशानं तरी माझा दंड धरला!

मी ओरडले. रेग्युलेटरमध्ये ओरडलं की रेडकासारखा आवाज येतो. वळले. वन्सं! त्यांना लांबचं दिसतं. त्या सगळी वाट माझ्यामागे पोहत आल्या होत्या, आणि दम टाकत त्यांनी आपल्या गळ्यावरून आडवा हात फिरवला. त्यांची हवा संपत आली होती. खरोखरची. काटा लाल रेघेच्या खाली!

मी माझा जादा रेग्युलेटर त्यांच्या तोंडात दिला. माझ्याकडे निम्म्याहून जरा कमी होतं. आम्ही एकमेकींचे पट्टे धरून हळूहळू वर निघालो. वरच्या उजेडाजवळ थांबावं लागतं, रक्तात विरघळलेला वायू हळूहळू निघून जायला. ते थांबणं! पाय लोंबकळताहेत, धरायला काही नाही, खाली सावल्या गोल फिरताहेत. दोन बायका एका सिलिंडरवर. दंडावर दाब, दाब. मी त्या हवेतला एकही घोट राखून ठेवला नाही.

शेवटी एकच दाब आला, हलका. वन्संनी खाली बोट दाखवलं. एक मोठी सावली आमच्या खालून तिरकी गेली, एवढ्या जवळून की मलाही दिसली. पाठीच्या परावर खाच. गळ्याभोवती पांढरा ओरखडा, त्यावर पिवळं काही नाही. तिनं आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आक्काच ती. तिचे कल्ले मात्र उघडत होते, मिटत होते, पूर्ण उघडत होते.

वर आलो तर लाटांवर होडीच नव्हती. सुळका कुठल्या कुठे राहिला होता. वन्संनी लांबून दिसणारा खुणेचा नारिंगी फुगा फुगवला, मीच शिवलेला. आणि लगेच इंजिनाचा आवाज आला. हे समोरूनच येत होते, ओठ पांढरेफटक पडलेले.

त्यांनी आम्हाला एकेकीला काखेत हात घालून वर ओढलं. मग स्वतःच मटकन खाली बसले. नांगराचा दोर कापून आले होते. नांगर तिथेच.

"आधी तू दिसेनाशी झालीस," ते म्हणाले. "थेंबसुद्धा नाही. मी देवाला नाही नाही ते बोललो. आणि मग लांबवर हे एवढाले बुडबुडे! म्हटलं हे हिचे नसणारच, हिच्या हातून एवढं सुटायचं नाही. पण ह्या पातेल्याचे बुडबुडे तर मागून येत होते, मग दुसरं होतं कोण तिथे? म्हणून दोर कापला."

मनगटातला फास काढायला गेले, निघेना. ह्यांनीच सुरीनं कापला. आकड्याच्या खोबणीत पिवळ्या प्लास्टिकची नखाएवढी कपची अडकली होती. वन्संनी ती डोळ्यांपासून हात लांब करकरून बघितली, दिसली नाही, म्हणून बोटांनी चाचपली.

मी होडीच्या तळाशी पडून होते. सोडा, घ्या. आभाळ एवढं मोठं, आणि सगळी हवाच हवा. किनाऱ्याकडे तोंड वळलं, इंजिन एका सुरात लागलं, जरा डोळा लागणार, तोच दंडावर दाब आला. एक. स्पष्ट.

मी धडपडून उठून बसले. "कुठंय? कुठंय?"

"इथेच," वन्सं म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या दंडावर होता, आणि रडून रडून नाक लाल झालं होतं. "एकच आहे. तुमची नणंद."